काठी कोणती?



जमिनीचा जुना कागद कुणी पुढे केला, की आकडा वाचण्याच्या आधी जाणत्या माणसाला एक प्रश्न विचारावाच लागे. तो प्रश्न म्हणजे, काठी कोणती? शिवकाळातली काठी पाच हात पाच मुठींची म्हणून प्रसिद्ध आहे. अशा वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद तो एक बिघा, आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चावर. पण हात कुणाचा? मूठ कुणाची? एका परगण्याची काठी शेजारच्या परगण्याला लागू पडेलच असे नव्हते. कागदावर "दहा बिघे" लिहिलेले असे. ते खोटे नसे, पण तेवढ्यावरून जमीन किती हे मात्र कळत नसे.

आज मला बोलावयाचे आहे ते यंत्रातल्या दप्तराबद्दल. तलाठ्याचे, शाळेचे, बँकेचे, साखर कारखान्याचे दप्तर आता संगणकात गेले आहे. त्या संगणकाला "तुझ्यात सध्या काय ठरवून ठेवले आहे?" हे कसे विचारतात आणि ते का विचारावे लागते, असा हा विषय आहे. मग ही काठी मध्येच कुठून आली, असे म्हणाल. जरा धीर धरा. काठीशिवाय हा विषय मला सांगता येत नाही.

सोलापुराहून पुण्याच्या वाटेला लागले, की मोहोळ जाते, टेंभुर्णी जाते, मग भीमेवरचा पूल लागतो. बाजूला उजनीचे धरण. पूल ओलांडला की पुणे जिल्ह्याचा इंदापूर तालुका. आज आपण जिला सातबारा म्हणतो, त्या कागदाची मुळे शोधीत गेलात तर याच इंदापुरात येऊन पोहोचाल.

त्याआधी एक प्रयत्न फसला होता. रॉबर्ट कीथ प्रिंगल नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने १८२७-२८ च्या सुमारास पुण्याकडच्या मुलखात मोजणी सुरू केली. हिशेब मोठा विद्वत्तेचा होता. शेताचे उत्पन्न किती, त्यातून खर्च वजा जाता उरते किती, आणि त्यातला सरकारचा वाटा किती, असे सारे बारकाईने मांडले होते. पण मोजणीत चुका, हाताखालच्या माणसांत लाचलुचपत, आणि वर धान्याचे भाव उतरलेले. सारा डोईजड झाला, शेते ओस पडली, आणि ती योजना सोडून द्यावी लागली. विद्वत्ता कागदावर होती. शेतात काय मोजले गेले, हे फिरून पाहण्याची सोय मात्र नव्हती.

१८३५ साली इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी नव्याने काम धरले. यांची पद्धत साधी होती. तेहतीस फुटांची साखळी. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तो एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर. बिघ्याचा वाद संपला. प्रत्येक शेताला नंबर मिळाला, हद्दीच्या खुणा आल्या. मग जमिनीची प्रत ठरवावयाची. माती किती हात खोल आहे, रंग कोणता, यावरून नऊ प्रती केल्या आणि त्यांची किंमत आण्यांत मांडली. सोळा आणे म्हणजे पहिली प्रत, तिथून खाली खाली.

याच पद्धतीतली एक गोष्ट मला फार आवडते. प्रत ठरविणारा कारकून नुसता "अमुक आणे" लिहून मोकळा होत नसे. शेताचा नकाशा चौकटींत मांडून दर चौकटीत मातीची खोली लिहीत, आणि दोषांच्या खुणा करीत. चुनखडी मिसळलेली आहे, वाळू आहे, उतार आहे, पाणी साचते, पुराचे पाणी माती ओढून नेते, असे एकेक दोष आणि त्यांची ठरावीक चिन्हे. एक खूण पडली की प्रत एक पायरी खाली. म्हणजे पुढे कुणी विचारले की बाबा, या शेताला आठ आणेच का, तर वहीतच उत्तर सापडे. आकडा तर होताच, पण तो कुठून आला हेही त्याच्याशेजारी होते.

ही पद्धत पुढच्या काही वर्षांत भीमेच्या अलीकडे आपल्या बाजूच्या तालुक्यांत आली, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने ती साऱ्या मुंबई इलाख्याची झाली. दर एकदा ठरला की तीस वर्षे कायम.

पण तीस वर्षेही संपतात. १८६७ साली इंदापुरात फेरआकारणी झाली आणि सारा एकदम पुष्कळ वाढला. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या दिवसांत कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या तेजीच्या आधारावर हे दर बेतले गेले होते. ती तेजी ओसरली, दर मात्र वहीत बसून राहिले. १८७५ च्या सावकारांविरुद्धच्या दंग्यांची कारणे शोधताना हा वाढलेला साराही चर्चेत आला. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आला. त्याने सोलापूर जिल्ह्याचे काय हाल केले, हे जुन्या घरांतून अजूनही ऐकावयास मिळते.

पुढचे थोडक्यात सांगतो. शेताचा हिशेब झाला, पण शेत कुणाच्या हक्कात आहे याची पक्की नोंद नव्हती. तिच्यासाठी १९०३ चा हक्कनोंदीचा कायदा आला. १९५१ साली कुलकर्णी वतन गेले आणि दप्तर पगारी तलाठ्याकडे आले. १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल कायदा १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आला. गाव नमुना सात हक्काचा, बारा पिकाचा, म्हणून सातबारा. आठ-अ खात्याचा. आणि सहा नंबर म्हणजे फेरफाराची वही.

या सहा नंबरवर क्षणभर थांबा. खरेदी झाली, वारस लागले, वाटणी झाली, की नोंद आधी सहा नंबरला पडते. मग संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते, आणि त्यानंतर अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. तेव्हा कुठे तिचा अंमल सातबारावर येतो. म्हणजे नोंद लिहिली गेली आहे, पण चालू झालेली नाही, असा एक मधला काळ असतो. सहा नंबर बघणारा म्हणतो, "झाले की नाव माझे!" सातबारा बघणारा म्हणतो, "अजून नाही." दोघेही खरे बोलत असतात. आपल्याकडे किती भांडणे या मधल्या काळातून उभी राहिली, ते गावोगावच्या शिक्षकांना मी काय सांगावे? अर्ज लिहून घ्यावयाला लोक तुमच्याकडेच तर येतात.

आता यंत्राकडे वळू.

१९७० साली अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीच्या सॅन होजे इथल्या संशोधनशाळेत एडगर कॉड नावाचे एक गणिती काम करीत होते. जन्माने इंग्रज, दुसऱ्या महायुद्धात विमान चालविलेले. तोवर यंत्रात माहिती ठेवीत ती झाडाच्या फांद्यांसारखी. हव्या त्या पानापर्यंत पोहोचावयाचे तर कोणत्या फांदीवरून कुठे वळावयाचे, हे आधी ठाऊक पाहिजे. कॉडसाहेबांनी लिहिले की हे सोडा, सारी माहिती साध्या तक्त्यांत ठेवा. ओळी आणि रकाने. एका तक्त्याचा दुसऱ्याशी संबंध जोडावयाचा तो रकान्यातल्या मजकुरावरून, खाते क्रमांकावरून म्हणा ना. यालाच रिलेशनल डेटाबेस म्हणू लागले. नाव परके आहे, पण कल्पना आपल्या तलाठ्याला परकी वाटू नये. आठ-अ मधला खाते क्रमांक सातबारात शोधावयाचा, सातबारातला फेरफार क्रमांक सहा नंबरात, हे दुसरे काय आहे?

पुढे १९८५ साली कॉडसाहेबांनी खऱ्या रिलेशनल डेटाबेसचे नियम जाहीर केले. त्यांतला चौथा नियम आपल्या विषयाचा आहे. दप्तराची स्वतःबद्दलची माहिती, म्हणजे कोणते तक्ते आहेत, त्यांत कोणते रकाने आहेत, हीसुद्धा तक्त्यांतच ठेवावी. आणि शेताबद्दल ज्या भाषेत प्रश्न विचारता, त्याच भाषेत दप्तराबद्दलही विचारता यावा. दप्तराने आपले दप्तर आपल्याजवळ बाळगावे, असे म्हणा.

याच वळणाने पुढे यंत्राच्या सेटिंगांचेही तक्ते आले. सेटिंग म्हणजे काय? तारीख कशी वाचावी, अक्षरे कोणत्या लिपीची धरावीत, घड्याळ कोणत्या गावचे मानावे, आठवणीसाठी किती जागा राखावी, अशा शेकडो बाबी आधी ठरवून ठेवाव्या लागतात. पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात १९८६ साली त्याचे काम सुरू झाले, आणि आज तो कुणालाही फुकट वापरता येतो. त्याला "शो ऑल" एवढे दोन शब्द टंकून दिले, की तो आपली सारी चालू सेटिंगे ओळीने सांगतो. आणि तीच "पीजी सेटिंग्ज" नावाच्या तक्त्यासारखीही बघता येतात.

या तक्त्यात एक ओळ बघा. यंत्राने कामासाठी राखून ठेवलेल्या आठवणीची जागा, किंमत १६३८४. सोळा हजार तीनशे चौऱ्याऐंशी काय? नवखा माणूस किलोबाइट धरतो आणि जागा फारच कमी म्हणून वाढवावयास जातो. शेजारच्या रकान्यात माप लिहिलेले असते, आठ किलोबाइटांचा एक तुकडा. सोळा हजार तीनशे चौऱ्याऐंशी गुणिले आठ केले म्हणजे १२८ मेगाबाइट होतात. काठी कोणती, हे विचारल्यावाचून आकडा वाचला की फसगत झालीच म्हणावयाची.

आपल्या सातबाराचीही तीच गत आहे. क्षेत्र १.२० असे लिहिलेले असते. जुन्या सवयीचा माणूस म्हणतो, एक एकर वीस गुंठे. पण आता माप हेक्टर-आरचे आहे. एक हेक्टर वीस आर म्हणजे जवळजवळ दोन एकर एकोणचाळीस गुंठे! गुंठा आणि आर हे जवळपास सारखेच, एका गुंठ्याला एक आर आणि वर चिमूटभर. म्हणून घोटाळा आणखीच सोपा होतो.

त्याच पीजी सेटिंग्जमध्ये "सोर्स" म्हणून एक रकाना आहे. ही किंमत आली कुठून, हे तो सांगतो. यंत्राबरोबर मूळचीच आलेली, की फाइलीत कुणी लिहून ठेवलेली, की एका वापरणाऱ्यापुरती ठरविलेली, की आत्ता याच बैठकीपुरती बदललेली? विंगेटच्या कारकुनाच्या दोषचिन्हांची मला इथे आठवण होते. किंमत ती काय आहे यापेक्षा ती कुणाच्या शब्दाने आली, हे कळल्यावर पुष्कळदा गाठ सुटते.

आणखी एक रकाना आहे, तो सहा नंबरच्या वहीचा भाऊच. काही सेटिंगे अशी, की फाइलीत बदलली तरी यंत्र बंद करून पुन्हा चालू केल्यावाचून लागू होत नाहीत. फाइल उघडून बघणारा सांगतो, बदल केला आहे. चालू यंत्राला विचारणारा सांगतो, जुनेच चालू आहे. पोस्टग्रेसच्या २०१६ साली आलेल्या आवृत्तीपासून "पुन्हा सुरू होण्याची वाट बघत आहे" अशी खूण करणारा रकाना या तक्त्यात आला. मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसात यासाठी दोन रकाने शेजारी शेजारी आहेत, एक ठरविलेली किंमत आणि दुसरा वापरात असलेली किंमत. म्हणून जाणता माणूस फाइल वाचून समाधान मानीत नाही. तो चालू यंत्राला विचारतो.

यात एवढे काय बिघडते, असे कुणी म्हणेल. शाळेतलेच उदाहरण घेऊ, कारण शाळेच्या रजिस्टरातली जन्मतारीख माणसाला जन्मभर पुरते. नोकरी, निवृत्ती, सारे तिच्यावर. समजा, एका मुलाचा जन्म ५ ऑगस्टचा. आपण लिहितो पाच, तिरकी रेघ, आठ. यंत्राचे तारखेचे सेटिंग अमेरिकन वळणाचे असेल, तर ते आधी महिना वाचते. मुलगा ८ मेला जन्मला! तक्रार नाही, लाल अक्षर नाही, काही नाही. २५ ऑगस्टचा मुलगा असता तर पंचविसावा महिना नसल्यामुळे यंत्र अडले असते. पोस्टग्रेस तर अशा वेळी सेटिंग तपासून बघा असे सुचवितेही. घात होतो तो महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत. हिशेब करून बघा, वर्गात मुलांकडून करवून घ्यावा असाच तो आहे. बारा महिन्यांचे बारा दिवस म्हणजे १४४ तारखा. त्यांतून एक एक, दोन दोन, अशा दोन्हीकडून सारख्याच वाचल्या जाणाऱ्या बारा वजा करा. उरल्या १३२. वर्षातल्या एकशेबत्तीस तारखा अशा आहेत, की चुकतील आणि कुणाला पत्ता लागणार नाही.

मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसात तर हे सेटिंग वापरणाऱ्याच्या नावाशी बांधलेले असते. त्याची भाषा अमेरिकन इंग्रजी ठरविली असेल तर महिना आधी, ब्रिटिश इंग्रजी असेल तर दिवस आधी. एकाच कचेरीत, एकाच टेबलावर, एकच यादी दोन कारकुनांनी आपापल्या नावाने चढविली, तर दोघांच्या तारखा वेगळ्या होऊ शकतात. सर्व्हरचे सेटिंग काय, एवढेच विचारून भागत नाही. माझ्या या बैठकीत काय चालू आहे, हेही विचारावे लागते.

अक्षरांची कथा आणखी गंमतीची आहे. गंमतीची, पण ज्याचे नाव गेले त्याला नव्हे. मायएसक्यूएल नावाचा डेटाबेस मुळात स्वीडन देशातल्या कंपनीचा. तेव्हा काहीच न ठरविता तक्ता उघडला, तर अक्षरे युरोपी धरावीत आणि त्यांचा क्रम स्वीडिश भाषेप्रमाणे लावावा, असे त्यांनी मूळ सेटिंग ठेवले. २०१८ च्या आठव्या आवृत्तीपर्यंत ते तसेच होते. आता बघा, भीमेकाठच्या गावची यादी आणि तिला स्टॉकहोमचा कायदा! अशा तक्त्यात देवनागरी नाव घातले, तर जुन्या आवृत्त्या पुष्कळदा मुकाट्याने त्याच्या जागी प्रश्नचिन्हे मांडून ठेवीत. माझ्या पाहण्यातल्या एका यादीत पानभर नुसती प्रश्नचिन्हे होती. ती कुठली होती ते सांगत नाही. नाव पडद्यावर दिसत नाही एवढेच असते, तर दुरुस्त करता आले असते. पण आतही प्रश्नचिन्हच साठविले गेले होते. मूळ कागद जवळ नसेल तर ते नाव गेले ते गेले.

आणि तिथे सेटिंग बघितले नव्हते असेही नाही. सर्व्हरला विचारले होते, सर्व्हरने सांगितले, मी देवनागरी घेतो. पण तक्ता सेटिंग बदलण्याच्या आधी उघडलेला होता, आणि तक्ता आपले जुनेच वळण धरून बसतो. सर्व्हर, डेटाबेस, तक्ता, रकाना आणि आपली जोडणी, अशा पाच ठिकाणी अक्षरांचे सेटिंग असते. गावाची काठी बदलली, शेत मात्र जुन्याच काठीने मोजलेले राहिले, असे म्हणा ना.

वेळेचेही असेच आहे. सूर्य मानाल तर सोलापूर भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे सव्वीस मिनिटे मागे आहे; ही प्रमाणवेळ १९०६ साली आली. मुंबई शहराने तर आपली निराळी वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. आजचे पुष्कळ सर्व्हर ग्रिनिचच्या वेळेवर ठेवलेले असतात, आपल्याहून साडेपाच तास मागे. महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होते. त्या दिवशी पहाटे यंत्राने आपसूक केलेली नोंद, घड्याळाचे सेटिंग न बघता वाचली, तर ३१ जुलैची दिसते. म्हणजे मागल्या वर्षातली!

महाराष्ट्रात जमिनीच्या फेरफाराची नोंद ई-फेरफार या नावाने संगणकावर आली, आणि १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. २०२० साली त्याच्या नमुन्यात बदल झाले. घरी नव्या नमुन्याचा उतारा असेल तर उद्या काढून बघा. क्षेत्राच्या शेजारी माप लिहिलेले आहे. शेतजमिनीला हेक्टर, आर, चौरस मीटर, आणि बिनशेतीला आर, चौरस मीटर. शेवटचा फेरफार कितवा आणि कोणत्या तारखेचा, तेही आहे. ज्या नोंदी लिहिल्या गेल्या पण अजून प्रमाणित झाल्या नाहीत, त्यांच्यासाठी "प्रलंबित फेरफार" अशी निराळी जागा केली आहे. नाव बघून उतारा घडी घालण्याआधी त्या तीन जागांवर बोट ठेवून बघा, आणि आजोबांना वाचून दाखवा. पहिला प्रश्न ते कोणता विचारतील, ते तुम्हांला ठाऊक आहेच.